विजयकरांच्या रिव्हॉल्व्हरमधली काजळी

रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाजूला काढून मी नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि आत डोकावले. आत काजळी होती.

"शेवटची कधी वापरलीत, काका?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली असतील," विजयकर म्हणाले. "रेंजवर. त्यानंतर कपाटाबाहेर काढलेली नाही."

नळी तीन वर्षं पडून राहिली तर आत तेल सुकतं, धूळ चिकटते, क्वचित तांबूस डाग पडतो. ही काजळी ताजी होती. मी सिलिंडर फिरवलं. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला सहा घरं असतात आणि एका घरात एक राउंड, म्हणजे एक काडतूस, बसतो. चार घरं स्वच्छ होती. लागून असलेल्या दोन घरांची तोंडं काळी होती. म्हणजे दोन राउंड उडाले होते. कुणी उडवले, ते लोखंड सांगत नाही.

मी लालबागची. कॉलेजात एनसीसीमध्ये असताना बंदूक हातात आली, मग पॉइंट बावीस बंदुकीच्या नेमबाजीत राज्य पातळीपर्यंत गेले, आणि त्याच ओळखीवर गिरगावातल्या एका आर्म्सच्या दुकानात नोकरी लागली. सत्तावीस वर्षं झाली. काउंटर, रजिस्टर आणि किरकोळ रिपेअर माझ्याकडे असतं. रविवारी क्लबच्या रेंजवर नव्या लोकांना नेमबाजी शिकवते. आमच्या घरात अजूनही आईला नीट माहीत नाही मी नक्की काय विकते. "मशिनीचे पार्ट" एवढंच ती शेजारी सांगते.

आमच्या धंद्यात संशय घेणं हा कामाचा भाग आहे. लायसन्स खरं आहे का, फोटोतला माणूस हाच का, हात थरथरतोय का, तोंडाला वास येतोय का, सोबत आलेलाच जास्त बोलतोय का, हे सगळं हसतमुखाने बघायचं असतं.

विजयकरांवर मात्र मी कधी संशय घेतला नव्हता. वय शहात्तर, रिटायर्ड आर्किटेक्ट, गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले. रिव्हॉल्व्हर त्यांच्या वडिलांची. ती रीतसर स्वतःच्या लायसन्सवर चढवून घेतलेली. पूर्वी दरवर्षी सर्व्हिसिंगला यायचे, गेली तीन वर्षं मात्र आले नव्हते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप नीट बसावं. बायको गेल्यापासून एकटेच राहत होते. घर मोठं होतं म्हणून हॉलचे दोन भाग करून पलीकडचा भाग त्यांनी पुतण्याला दिला होता.

त्या गुरुवारी ते सर्व्हिसिंगबरोबर एक प्रश्न घेऊन आले होते. जुनी रिव्हॉल्व्हर विकून एक नवीन हत्यार घ्यायचं. रेंजवर सराव करता येईल आणि घरातही उपयोगी पडेल असं. कॅलिबर कुठलं घ्यावं?

कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचात मोजलेली. पॉइंट बत्तीस म्हणजे साधारण इंचाचा तिसरा हिस्सा, पॉइंट बावीस त्याहून बारीक. सामान्य लायसन्सवर हँडगन मागणाऱ्या माणसाला आमच्याकडे बहुतेक या दोघांतूनच निवडावं लागतं. पोलिसांकडचं नऊ एमएम मागायला येणारे खूप असतात, पण ते साध्या लायसन्सवर मिळत नाही. बावीसला धक्का कमी, आवाज कमी. तासभर मारलं तरी मनगट दुखत नाही. सरावाला तेच चांगलं. घरासाठी म्हणून लोक बत्तीस मागतात. त्यातही घोटाळा असतो. बत्तीसचं पिस्तूल आणि बत्तीसची रिव्हॉल्व्हर, नाव एकच, पण एकाचा राउंड दुसऱ्यात चालत नाही. विजयकरांना हे सगळं माहीत होतं. तरी त्यांनी ते पुन्हा ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं.

"घरात कशाला लागतंय पण?" मी विचारलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. संध्याकाळी घरात कुणीतरी फिरतं, म्हणाले. वस्तू जागच्या हलतात. चष्मा, फाइली, एकदा तर बँकेचं पासबुक. पुतण्याचा बिल्डिंगवर डोळा आहे. रीडेव्हलपमेंटच्या कागदावर सही हवी आहे त्याला.

मग मी त्यांच्या राउंडचा डबा मागितला. लायसन्सवर मागच्या खरेदीची नोंद होती, पंचवीस. डब्यात तेवीस निघाले. मी त्यांच्यासमोर दोनदा मोजले आणि काळी घरं त्यांना दाखवली.

विजयकरांनी सिलिंडर स्वतः फिरवून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग ते म्हणाले, "कपाटाची दुसरी किल्ली हेमंतकडे आहे."

हेमंत म्हणजे पुतण्या. माझ्या डोक्यात चित्र तिथेच पूर्ण झालं.

रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग बदलायला हवी, असं सांगून मी ती दुकानात ठेवून घेतली. राउंडही ठेवले आणि पावती दिली. आमच्याकडे लोकांची हत्यारं ठेवून घ्यायचं लायसन्स आहे, त्यामुळे त्यात वेगळं काही नव्हतं. ते गेल्यावर मी शेठना सगळं सांगितलं. आमचे होमीशेठ पारशी, सत्तरीचे, आणि पोलीस स्टेशनची पायरी चढायचा त्यांना मनापासून कंटाळा.

"नीलू, आपला धंदा विकायचा. सीआयडीगिरी नाय करायची," ते म्हणाले. पण दोन राउंडचा हिशेब लागत नाही हे ऐकल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सोमवारपर्यंत त्या बाबाकडून लेखी घे. नाय दिला तर मी स्वतः जाऊन कळवणार."

खरं तर त्याच दिवशी कळवायला हवं होतं. ते मी नंतर सांगते.

शुक्रवारी दुपारी हेमंत दुकानात आला. मी त्याला आधी एकदा पाहिलं होतं, काकांची छत्री धरून दारात उभा असलेला. पन्नाशीच्या आतला, अंगाने बारीक, खांद्याला लॅपटॉपची बॅग. दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत तो शोकेसमधल्या एअरगन बघत थांबला. मग काउंटरशी आला. काकांनी किती राउंड घेतले होते ते त्याला हवं होतं. मी सांगितलं की लायसन्सवाल्याशिवाय कुणाला ते सांगता येत नाही.

"मग एक विचारू का, मॅडम? आतली पिन काढता येते ना? म्हणजे दिसायला तशीच दिसेल, पण उडणार नाही. काकांना न सांगता."

रिव्हॉल्व्हरचा घोडा पडला की एक छोटी पिन राउंडच्या बुडावर आपटते आणि राउंड उडतो. पिन काढली तर हातात नुसतं लोखंड उरतं. ज्या म्हाताऱ्याला घरात कुणी फिरल्याची भीती वाटते, त्याच्या हातात असं लोखंड ठेवायची कल्पना त्याचा पुतण्या माझ्याकडे घेऊन आला होता.

मी त्याला विचारलं, कशासाठी. तो म्हणाला, काळजी वाटते म्हणून. आणखी काही सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, पण मी त्याला बोलू दिलं नाही. पुन्हा असं विचारलं तर पोलिसांना बोलावीन, एवढंच म्हणाले. त्याने मान डोलावली आणि गेला. मी त्याचं नाव, वेळ आणि बोललेली वाक्यं कागदावर लिहून ठेवली. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे कबूल करते.

रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणे विजयकर रेंजवर आले. नवीन हत्याराच्या परवानगीचा अर्ज भरण्याआधी दोन्ही कॅलिबर त्यांच्या हातात देऊन बघायचं होतं. आधी क्लबचं पॉइंट बावीस दिलं. त्यांनी पाय रोवले, खांदा सैल सोडला आणि दहा राउंड असे टाकले की शेजारच्या लेनमधली पोरं थांबून बघायला लागली. दहापैकी नऊ काळ्या गोलात. शहात्तराव्या वर्षी. मग पॉइंट बत्तीस पिस्तूल दिलं. स्लाइड मागे ओढताना त्यांना त्रास झाला. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय पहिला राउंड नळीत जात नाही, आणि म्हाताऱ्या बोटांना ते जड जातं. पाच मारले. दोन टार्गेटच्या कागदावरच नव्हते.

मी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, दोन्ही कागद आणले आणि त्यांच्यासमोर पसरले. बावीस तुमच्या हाताला बसतंय, बत्तीस बसत नाही, असं समजावून सांगत होते. ते लक्ष देऊन ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी कानावरचे मफ नीट केले आणि लेनकडे वळले.

"चला सावंतबाई, मग सुरू करू या. आधी बावीस द्या."

मला वाटलं, पुन्हा एकदा मारायचं असेल. मी म्हटलं, "अजून दहा?"

"अजून म्हणजे? मी कुठे मारलेत?"

मी कागद दाखवले. त्यांनी ते हातात घेतले, उलटेसुलटे केले. कुणाचे आहेत, म्हणाले. मी तुमचे म्हटल्यावर ते चिडले नाहीत. थोडे हसले. माझी काहीतरी चूक होते आहे आणि ते मला सांभाळून घेत आहेत, असं ते हसणं होतं. "मी आत्ताच आलोय," ते म्हणाले. "तुम्हीच टॅक्सीपाशी घ्यायला आलात."

त्यांच्या हाताला दारूचा वास येत होता. बंदुकीच्या दारूचा.

गुरुवारी काउंटरपलीकडून "कपाटाबाहेर काढलेली नाही" असं ते याच आवाजात म्हणाले होते. तेव्हा मला तो आवाज खरा वाटला होता. आत्ताही खराच वाटत होता. मी टेबलावरचं पिस्तूल उचललं आणि क्लबच्या माणसाकडे देऊन टाकलं. लेन बंद आहे, असं विजयकरांना सांगितलं.

मग मी त्यांना विचारलं की तुमचं घर बघायला येऊ का. घरासाठी हत्यार घ्यायचं तर खोली बघावी लागते, दार कुठे, पलंग कुठे. ती थाप होती, पण त्यांना पटली. आर्किटेक्ट माणूस, साइट व्हिजिट हा शब्द त्यांना आवडला. आम्ही टॅक्सीने गिरगावात आलो.

तिसरा मजला, लाकडी जिना, दारावर पितळी पाटी. आत उंच छताचा हॉल, खिडकीशी आरामखुर्ची, एका बाजूला कपाट, आणि समोर पूर्ण हॉलभर गेलेलं पार्टिशन, पांढऱ्या रंगाचं. त्यावर एक कॅलेंडर लावलं होतं. मी सत्तावीस वर्षं टार्गेट लावते आहे. कुठली गोष्ट डोळ्याच्या उंचीला लावलेली नाही ते मला लगेच दिसतं. कॅलेंडर माझ्या कमरेच्या उंचीला होतं.

विजयकर स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले. मी कॅलेंडर वर उचललं. दोन भोकं होती, वीतभर अंतरावर. कडा आत वळलेल्या. म्हणजे गोळी इकडून तिकडे गेली होती.

मी बाहेर पडून पलीकडचं दार वाजवलं. हेमंतने उघडलं. मला पाहून तो घाबरला नाही. त्याने फक्त विचारलं, "कॅलेंडर पाहिलंत?"

त्याच्या बायकोचं नाव वैशाली. ती घरूनच कंपनीचं काम करते. तिचं टेबल पार्टिशनला लागून, खुर्चीची पाठ पार्टिशनकडे. हेमंतने खुर्ची फिरवून दाखवली. पाठीच्या फोममध्ये एक भोक होतं. दुसरी गोळी टेबलावरच्या लाकडी खणात रुतली होती.

पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी खाली वरात होती, फटाके चालू होते. वैशाली दूध उतू जातंय म्हणून उठली. ती गॅसपाशी पोचली तेव्हा खुर्ची हलली. आवाज वरातीत मिसळला, बिल्डिंगमध्ये कुणाला काही कळलं नाही. हेमंत धावत काकांकडे गेला. काका आरामखुर्चीत बसले होते, रिव्हॉल्व्हर मांडीवर. "आवाज कसला झाला रे?" असं त्यांनीच त्याला विचारलं. मग सवयीने सिलिंडर उघडलं, चार राउंड डब्यात ठेवले, कपाट बंद केलं. हेमंतने भोकांवर कॅलेंडर लावलं आणि जमिनीवर पडलेली दोन रिकामी केसिंग उचलली. राउंड उडाल्यावर मागे जी पितळी नळी उरते ती केसिंग. ती त्याने गोळ्यांच्या डबीत ठेवली होती, वैशालीच्या बी-कॉम्प्लेक्सच्या.

"दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे म्हणतात," मी म्हटलं.

"होती. ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा त्यांनीच दिलेली. घरी आल्यावर कुलूप बदललं."

रीडेव्हलपमेंटबद्दलही मी विचारलं. कागद आले आहेत हे खरं होतं. सगळ्या भाडेकरूंनी सह्या केल्या होत्या, हेमंतलाही सही हवी होती. ते त्याने लपवलं नाही. पोलिसात का गेला नाहीत, हेही विचारलं. काकांनी त्याचं शिक्षण केलं होतं. शहात्तर वर्षांच्या माणसाला चौकीत बसवायचं, आणि तेही जे त्याला आठवतच नाही त्यासाठी, हे त्याला जमलं नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की काका म्हणायचे, तुला मला वेडा ठरवायचंय. म्हणून तो पिन काढायला माझ्याकडे आला होता.

मी त्याला शुक्रवारी बोलू दिलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं.

आम्ही बोलत होतो आणि विजयकर दारात उभे होते. हातात पाण्याचा ग्लास. किती वेळ उभे होते माहीत नाही. वैशालीने त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत. पार्टिशनपाशी गेले. भोकात करंगळी घातली. दुसऱ्या भोकात घातली. पोकळ भिंतीवर बोटाने दोन ठिकाणी टिचक्या मारल्या.

"दोन्हीकडे सहा एमएम प्लाय, मध्ये हवा," ते म्हणाले. "हे मीच ड्रॉ केलं होतं. हेमंतचं लग्न ठरलं तेव्हा."

त्यांनी खुर्ची होती तशी ठेवली आणि तिच्या पाठीवरचं भोक भिंतीतल्या भोकाशी जुळवून पाहिलं. ते बरोबर जुळलं. मग ते वैशालीकडे वळले.

"तू इथे बसतेस?"

"हो काका."

"त्या दिवशी?"

"दूध बघायला उठले होते."

ते माझ्याकडे बघायला लागले. त्यांचा आवाज अगदी कामाचा होता, काउंटरवर विचारतात तसा. "सावंतबाई, या भिंतीत थांबेल असं कुठलं कॅलिबर आहे?"

"कुठलंच नाही, काका. बावीससुद्धा पलीकडे जाईल."

त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि हेमंतकडे कागद मागितला.

पत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. घराच्या आत आपल्या रिव्हॉल्व्हरमधून दोन राउंड उडाले, आपल्याला ते आठवत नाही, भिंतीवर खुणा आहेत, लायसन्स आपण परत करत आहोत. आर्किटेक्टचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. खाली त्यांनी एक ओळ जास्तीची घातली: हे पत्र मी पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे आणि मी नंतर ते नाकारलं तर तो नकार ग्राह्य धरू नये. ही ओळ वाचून हेमंत गॅलरीत निघून गेला.

ते पत्र घेऊन आम्ही चौघं त्याच दुपारी पोलीस स्टेशनला गेलो. होमीशेठही आले, कोट घालून. पंचनामा झाला, दोन्ही केसिंग जमा झाली, रिव्हॉल्व्हर आमच्या दुकानातून पोलिसांच्या ताब्यात गेली. पंधरा दिवस लपवून ठेवल्याबद्दल हेमंतला तिथल्या साहेबांनी चांगलंच सुनावलं. मग त्यांनी मला विचारलं की गुरुवारी दोन राउंड कमी दिसले, तर तुम्ही रविवारी का आलात. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चांगलं नव्हतं. मला चोर सापडला होता आणि मी त्याला रंगेहाथ पकडायच्या नादात होते. मधल्या दिवसांत हत्यार आमच्या तिजोरीत होतं म्हणून निभावलं. शेठनी दुकानात परत आल्यावर तेच, पण पारशी शिव्यांसकट ऐकवलं.

केस चालली. डॉक्टरांचे रिपोर्ट लागले, लायसन्स रद्द झालं. विजयकरांच्या विसरण्याला आता नाव आहे आणि रोज सकाळची एक गोळी आहे. वैशालीचं टेबल खिडकीकडे गेलं.

रविवारी हेमंत त्यांना रेंजवर घेऊन येतो. मी त्यांना पॉइंट एकशे सत्याहत्तरचं एअर पिस्तूल देते. ते हवेच्या दाबावर चालतं, कागदापलीकडे त्याचा काही धाक नाही. ते अजूनही माझ्या पोरांपेक्षा चांगलं मारतात. महिन्यातून एखादवेळी विचारतात की माझी रिव्हॉल्व्हर सर्व्हिसिंगहून आली का. पत्राची झेरॉक्स माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी ती काढून देते. ते चष्मा लावून पूर्ण वाचतात, सही बघतात, "अक्षर माझंच आहे," म्हणतात आणि परत लेनवर जातात.

घरासाठी हँडगन मागायला येणाऱ्याला हल्ली मी कॅलिबर नंतर सांगते. आधी विचारते, भिंत कसली आहे आणि पलीकडे कोण झोपतं. काही जण विचारात पडतात. बरेच जण वैतागून दुसऱ्या दुकानात जातात. शेठ म्हणतात, नीलू, तुझ्या या एका प्रश्नाने आपला धंदा बसला. बसला असेल. पण नळीतली काजळी मला पहिल्याच मिनिटाला दिसली होती आणि तरी मी चार दिवस चुकीच्या माणसावर नजर ठेवून होते. तेव्हापासून ज्याच्यावर संशय येतो त्याला मी आधी बसायला खुर्ची देते आणि त्याचं वाक्य पुरं होऊ देते.